हिमवृष्टीचे आकडे आणि मथळ्यांची दिशाभूल

हिवाळ्याच्या दिवसांत उत्तर गोलार्धातील कोणत्याही देशात मोठे हिमवादळ झाले की, दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रांत एक ठरावीक प्रकारचा मथळा झळकतो. अमुक शहरात सहा फूट बर्फ, तमुक खेड्यात एका दिवसात आठ फूट, शंभर वर्षांचा विक्रम मोडला, असे त्याचे स्वरूप असते. तोच आकडा पुढे चित्रवाणीवर आणि भ्रमणध्वनीच्या पडद्यावर छायाचित्रासह फिरू लागतो. छायाचित्रात एखाद्या घराचे दार वरपर्यंत बुजलेले दिसते आणि वाचकाची खात्री पटते. या आकड्यात जाणूनबुजून केलेला खोटेपणा क्वचितच असतो. परंतु तो नेमका कशाचा आकडा आहे, हे बहुधा सांगितलेले नसते. कशाचे माप आहे हे ज्या आकड्यासोबत येत नाही, तो आकडा खरा असूनही दिशाभूल करू शकतो. हिमवृष्टीच्या बातम्यांत हे इतक्या वेळा घडते की, त्याची थोडी शिस्तशीर तपासणी होणे आवश्यक आहे.

मराठी वाचकाच्या बाबतीत ही अडचण भाषेपासूनच सुरू होते. आपण ‘बर्फ’ हा एकच शब्द मासळीबाजारातील लादीलाही लावतो आणि आकाशातून पिसांसारख्या उतरणाऱ्या हिमालाही लावतो. लादी जवळजवळ पाण्याइतकीच जड असते. ताज्या हिमात मात्र बहुतांश भाग हवेचा असतो. त्यामुळे ‘आठ फूट बर्फ’ हे शब्द वाचून मुंबई-पुण्याच्या वाचकाच्या डोळ्यांसमोर जे चित्र उभे राहते, त्याचा मूळ घटनेशी फारसा संबंध असेलच असे नाही.

पावसाची गोष्ट निराळी आहे. पर्जन्यमापकात शंभर मिलिमीटर पाणी जमले, याचा अर्थ त्या जागी जमिनीवर शंभर मिलिमीटर उंचीचे पाणी पडले. ते पाणी वाहून जाईल, मुरेल किंवा त्याची वाफ होईल. पण मापलेले पाणी मापकात आक्रसत नाही. तरीही पावसाचा एकच आकडा साऱ्या शहराला लावला तर काय होते, हे महाराष्ट्राने अनुभवले आहे. २६ जुलै २००५ रोजीच्या अतिवृष्टीत सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तर त्याच शहराच्या दुसऱ्या टोकाला कुलाब्यात केवळ ७३ मिलिमीटर. ‘मुंबईत ९४४ मिलिमीटर’ हे विधान अर्ध्या मुंबईपुरतेच खरे होते. जी वस्तू मोजावयास इतकी सोपी आहे तिच्या बाबतीत ही स्थिती, तर पडता पडता दबणाऱ्या, वाऱ्याने उडणाऱ्या आणि वितळणाऱ्या हिमाच्या बाबतीत किती सावधगिरी हवी, याची कल्पना करता येईल.

प्रवाह आणि साठा

हिमाच्या संदर्भात तीन वेगवेगळी परिमाणे आहेत. पहिले, ठरावीक कालावधीत नव्याने पडलेल्या हिमाची उंची. दुसरे, एखाद्या क्षणी जमिनीवर प्रत्यक्ष साठून असलेल्या हिमाची उंची. तिसरे, ते सारे हिम वितळविल्यास मिळणाऱ्या पाण्याची उंची. अर्थशास्त्राच्या परिभाषेत बोलावयाचे तर पहिले परिमाण हे प्रवाहाचे आहे आणि दुसरे साठ्याचे. एखाद्या माणसाने वर्षभरात मिळविलेले उत्पन्न आणि वर्षाखेरीस त्याच्या बँकेतील शिल्लक यांत जो फरक, तोच या दोहोंत आहे. तिसरे परिमाण हे वास्तव मूल्याचे होय. महागाईच्या काळात पगाराचा आकडा वाढूनही त्यातून येणारे धान्य कमी होऊ शकते. तसेच हिमाची उंची वाढूनही त्यातील पाणी कमी भरू शकते.

प्रवाह आणि साठा यांची गल्लत केल्यास कोणता घोटाळा होतो, याचे ठळक उदाहरण अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातील माउंट बेकर येथील आहे. तेथे १९९८-९९ च्या हंगामात १,१४० इंच, म्हणजे ९५ फूट हिम पडल्याची नोंद झाली आणि अमेरिकेच्या अधिकृत समितीने ती मान्यही केली. परंतु माउंट बेकरवर ९५ फूट उंचीचा हिमाचा थर कधीही उभा नव्हता. प्रत्येक दिवशी पडलेल्या हिमाची ती बेरीज होती. कालचे हिम आजच्या हिमाखाली दबत होते. जमिनीवर प्रत्यक्ष साठलेल्या हिमाचा जागतिक विक्रम जपानमधील इबुकी पर्वताच्या नावावर आहे. १४ फेब्रुवारी १९२७ रोजी तेथे ११.८२ मीटर, म्हणजे जवळपास ३९ फूट उंचीचा थर मोजण्यात आला. ९५ आणि ३९ हे दोन्ही आकडे खरे आहेत. मात्र ते शेजारी शेजारी छापून माउंट बेकरने इबुकीवर अडीचपटींनी मात केली असे म्हणणे, हे एकाच्या वार्षिक उत्पन्नाची दुसऱ्याच्या शिलकीशी तुलना करण्यासारखे आहे.

छायाचित्रांमुळे या गोंधळात एका चौथ्या गोष्टीची भर पडते. वाऱ्याने वाहून आणलेले हिम भिंतीच्या, कुंपणाच्या किंवा घाटातील वळणाच्या आडोशाला साचते आणि त्याचे ढीग पुरुषभर उंच होतात. त्याच गावातील उघड्या मैदानावर मात्र हिमाचा थर जेमतेम गुडघाभर असतो. छायाचित्रकार साहजिकच ढिगापाशी जातो. छायाचित्र ढिगाचे आणि आकडा मात्र गावाचा, अशी ही सांगड असते.

विक्रम कसा ठरतो

नव्याने पडलेले हिम मोजण्याची रीत वरकरणी अगदी साधी आहे. उघड्या पण वाऱ्यापासून सुरक्षित अशा जागी पांढऱ्या रंगाची एक सपाट फळी ठेवावयाची, तिच्यावर साठलेल्या हिमाची उंची पट्टीने मोजावयाची आणि फळी स्वच्छ करून नव्या थरावर पुन्हा ठेवावयाची. परंतु फळी किती वेळाने साफ करावयाची, यावर सारे अवलंबून आहे. ताजे हिम स्वतःच्या भाराने दबत जाते. समजा, एका वादळात फळी दर तासाला साफ केली आणि चोवीस नोंदींची बेरीज तीस इंच आली. तर तीच फळी चोवीस तासांनी एकदाच पाहिली असती तर कदाचित चोवीस इंचच भरले असते. हिम तेवढेच, पाणी तेवढेच, मोजणारा माणूसही तोच. केवळ मोजणीच्या वारंवारतेने आकडा वाढला. म्हणूनच अमेरिकेच्या हवामान खात्याचा दंडक असा आहे की, फळी सहा तासांतून एकदाच, म्हणजे दिवसाकाठी फार तर चार वेळा साफ करावी.

या दंडकाचे महत्त्व न्यूयॉर्क राज्यातील माँटेग्यू या गावाच्या प्रकरणात दिसून आले. जानेवारी १९९७ मध्ये तेथे चोवीस तासांत ७७ इंच हिम पडल्याची नोंद झाली आणि राष्ट्रीय विक्रम मोडल्याच्या बातम्या प्रसिद्ध झाल्या. चौकशीअंती असे आढळले की, ही बेरीज चार नव्हे तर सहा मोजण्यांची होती. त्यामुळे तो विक्रम म्हणून स्वीकारला गेला नाही. मोजणाऱ्याने लबाडी केली होती असे कोणी म्हटले नाही. त्याची मोजणी इतर मोजण्यांशी तुलना करण्याजोगी नव्हती, एवढाच निष्कर्ष होता. यातील गमतीचा भाग असा की, ज्या विक्रमाशी तुलना होत होती तोही निर्भेळ मोजणीतून आलेला नव्हता. कोलोरॅडोतील सिल्व्हर लेक येथे एप्रिल १९२१ मध्ये साडेसत्तावीस तासांत ८७ इंच हिम मोजले गेले होते आणि त्यावरून त्रैराशिकाने चोवीस तासांचा आकडा सुमारे ७६ इंच असा काढण्यात आला होता.

इटलीच्या मोलिझे प्रांतातील कॅप्राकोट्टा या डोंगरी गावी ५ मार्च २०१५ रोजी अठरा तासांत २५६ सेंटिमीटर हिम पडल्याची बातमी जगभर गेली. ‘जागतिक विक्रम’ हे शब्द मथळ्यात आले ते कायमचेच. प्रमाणित पद्धतीने केलेल्या मोजणीचा आधार नसल्याने अधिकृत विक्रम म्हणून त्या आकड्याला स्थान मिळालेले नाही. पण ही दुसरी गोष्ट पहिलीइतक्या ठळक अक्षरांत छापली गेली नाही.

मोठमोठ्या शहरांतील प्रशिक्षित यंत्रणाही या अडचणीतून सुटलेली नाही. जानेवारी २०१६ च्या वादळात न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये २६.८ इंच हिम नोंदले गेले. २००६ सालचा २६.९ इंचांचा विक्रम केवळ दशांश इंचाने हुकला, असे त्या वेळी जाहीर झाले. तीन महिन्यांनी फेरतपासणीत निरोपानिरोपीची चूक उघडकीस आली आणि आकडा २७.५ इंच करण्यात आला; म्हणजे विक्रम झालाच होता. त्याच वादळात राजधानी वॉशिंग्टनच्या विमानतळावर मोजणीची फळीच हिमाखाली हरवली. ज्या मोजणीत एवढे कमीअधिक होऊ शकते, तिच्यात दशांश इंचावरून हारजीत ठरविणे हेच मुळात अशास्त्रीय आहे.

आकड्यामागील पैसा

कोणी म्हणेल, इंच-दोन इंच इकडे की तिकडे, याने बिघडते काय? बिघडते ते असे की, या इंचांना रुपया-डॉलरचे मोल चिकटलेले आहे. अमेरिकेत एखाद्या जिल्ह्याला हिम उपसण्याच्या खर्चासाठी केंद्रीय आपत्ती साहाय्य मिळवावयाचे असेल तर तेथील हिमवृष्टी पूर्वीच्या विक्रमाइतकी किंवा त्याच्या दहा टक्क्यांच्या आत असावी लागते. अशा नियमामुळे फळीवरची पट्टी ही केवळ वेधशाळेची बाब राहत नाही. ती नगरपालिकेच्या अंदाजपत्रकाची बाब होते. मदतीचा निकष ज्या आकड्यावर बेतलेला असतो, तो आकडा वाढून यावा अशी इच्छा निर्माण होणे स्वाभाविक आहे. महाराष्ट्रात पीक पैसेवारीच्या आणेवारीवरून जे वाद वर्षानुवर्षे होत आले, ते आठवले म्हणजे हा मानवी स्वभाव एका देशापुरता नाही हे ध्यानात येईल.

व्यापाराच्या क्षेत्रात तर याचा पुरावाच उपलब्ध आहे. डार्टमथ महाविद्यालयातील जोनाथन झिनमन आणि एरिक झिट्झेविट्झ या अर्थशास्त्रज्ञांनी हिमावर घसरण्याच्या खेळाची केंद्रे स्वतः जाहीर करीत असलेले हिमवृष्टीचे आकडे तपासले. ही केंद्रे शनिवार-रविवारी इतर वारांपेक्षा २३ टक्के अधिक हिम पडल्याचे सांगत होती, असे त्यांना दिसून आले. निसर्गाला साप्ताहिक सुटी ठाऊक नसते. ती गिऱ्हाइकाला असते. पुढे पर्यटक आपल्या भ्रमणध्वनीवरून जागच्या जागी खरी स्थिती एकमेकांस कळवू लागले, तेव्हा ही अतिशयोक्ती ओसरली. पडताळणी सोपी झाली की आकडे सुधारतात, असा याचा अर्थ आहे. वृत्तपत्रांनी हा धडा विशेष लक्षात घ्यावयास हवा, कारण पडताळणी हेच त्यांचे काम आहे.

उंची नव्हे, पाणी

मथळ्यात जवळजवळ कधीच न येणारे परिमाण ते तिसरे, म्हणजे पाण्याचे. दहा इंच हिमातून एक इंच पाणी मिळते, असा एक ठोकताळा सर्वत्र सांगितला जातो. पण तो ठोकताळाच आहे. ओल्या, जड हिमात पाच इंचांना एक इंच पाणी भरते; कडाक्याच्या थंडीतील भुसभुशीत हिमात तीस इंचांना एक इंच. आता दोन गावांचा विचार करावा. एका गावी ७५ सेंटिमीटर कोरडे हिम पडले. त्याचे पाणी अडीच सेंटिमीटर, आणि छपराच्या प्रत्येक चौरस मीटरवर भार सुमारे २५ किलो. दुसऱ्या गावी फक्त २५ सेंटिमीटर ओले हिम पडले. त्याचे पाणी पाच सेंटिमीटर आणि छपरावर भार ५० किलो. मथळा पहिल्या गावाचा होईल. छपरे दुसऱ्या गावची कोसळतील. विजेच्या तारा आणि झाडांच्या फांद्या तुटतील त्याही दुसऱ्याच गावात.

विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेत नेवाडा विद्यापीठातील लॅटिनचे प्राध्यापक जेम्स चर्च यांनी माउंट रोझ पर्वतावर एक पोकळ नळी हिमाच्या थरात तळापर्यंत खुपसून, नळीतील हिमाचे वजन करून त्यातील पाणी काढण्याची रीत बसविली. लेक टाहो या सरोवराचे पाणी वसंतात किती वाढेल, हा तेथील भांडणाचा विषय होता आणि त्याचे उत्तर हिमाच्या उंचीतून नव्हे तर वजनातून मिळाले. पाण्याचे नियोजन करणारे लोक तेव्हापासून हिमाकडे धरणाच्या साठ्यासारखे पाहत आले आहेत. बातमीदारीत मात्र अजून पट्टीचीच सद्दी आहे.

भारताच्या दृष्टीने हा प्रश्न दूरदेशीचा नाही. भाक्रा धरणापाशी सतलज नदीतून वाहणाऱ्या वार्षिक पाण्यापैकी सुमारे साठ टक्के पाणी हिम आणि हिमनद्या वितळून येते, असे रुरकीच्या राष्ट्रीय जलविज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांनी २००२ मध्ये दाखवून दिले. पंजाब, हरियाणा आणि राजस्थानातील शेती या पाण्याशी बांधलेली आहे आणि त्या शेतीतील गहू देशाच्या कोठारात जातो. त्याहून जुना संबंध मोसमी पावसाचा. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळाने दख्खनची वाताहत केल्यावर पावसाचा आगाऊ अंदाज मिळावा ही निकड सरकारला भासली. भारतीय हवामान खात्याचे पहिले प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड यांनी १८८४ मध्ये असे मत मांडले की, हिमालयात हिम अधिक पडले तर पुढचा मोसमी पाऊस कमी होण्याचा संभव असतो. हे नाते पुढे नेहमीच टिकले नाही. तथापि हिमाच्छादनाला पावसाच्या अंदाजशास्त्रात शतकभर स्थान राहिले आणि खात्याने १९८८ मध्ये अवलंबिलेल्या सोळा घटकांच्या सूत्रातही ते होते. मराठवाड्यातील शेतकऱ्याने हिम कधी पाहिले नसले तरी त्याच्या पावसाच्या अंदाजात हिमालयाचे हिम मोजले गेले आहे.

अशा स्थितीत एका दिवसाच्या हिमवृष्टीचे मथळे काय करतात, हे २०२५ च्या हिवाळ्यावरून स्पष्ट होते. त्या वर्षी फेब्रुवारीच्या अखेरीस हिमाचल प्रदेश आणि उत्तराखंडात जोरदार हिमवृष्टी झाली. २८ फेब्रुवारी रोजी बद्रीनाथजवळील माणा येथे हिमकडा कोसळून सीमा रस्ते संघटनेच्या छावणीतील आठ कामगार मृत्युमुखी पडले. ही बातमी मोठी होती आणि ती तशी यावयासच हवी होती. परंतु त्या आठवड्याच्या बातम्या वाचणाऱ्याचा समज असा झाला असणार की, हिमालयात यंदा हिमाची रेलचेल आहे. पुढे एप्रिलमध्ये काठमांडूच्या ‘इसिमोड’ या आंतरराष्ट्रीय पर्वतविकास केंद्राने नोव्हेंबर ते मार्च या काळाचा आढावा जाहीर केला. हिंदुकुश-हिमालयाच्या पट्ट्यात हिम जमिनीवर टिकून राहण्याचे प्रमाण सरासरीपेक्षा २३.६ टक्के कमी होते आणि तेवीस वर्षांतील ते सर्वांत कमी होते. सरासरीहून कमी हिमाचे ते ओळीने तिसरे वर्ष होते. येथेही परिमाण कोणते ते पाहावयास हवे. हे माप उंचीचे नव्हे, तर हिम किती काळ टिकले याचे आहे. पण नदीला उन्हाळ्यात पाणी मिळेल की नाही, हे कळण्यास ते एका रात्रीच्या फुटांपेक्षा कितीतरी अधिक उपयोगी आहे. प्रवाहाचा गाजावाजा झाला. साठा मात्र निमूटपणे घटत होता.

मथळ्यांचा आणखी एक परिणाम थेट माणसांच्या जिवाशी निगडित आहे. हिम पडल्याची बातमी मैदानी प्रदेशातील लोकांना निमंत्रणासारखी वाटते. जानेवारी २०२२ मध्ये पाकिस्तानातील मरी या थंड हवेच्या ठिकाणी हिमवृष्टी पाहण्यास हजारो लोक मोटारींनी गेले. वादळात झाडे पडली, रस्ते तुंबले आणि मोटारींतच वीसहून अधिक माणसे दगावली. त्यांत कुटुंबेच्या कुटुंबे होती. थंडीपासून बचावासाठी इंजिन चालू ठेवल्याने आत साचलेला विषारी वायू हे त्यातील अनेक मृत्यूंचे कारण मानले गेले. सिमला-मनालीकडे महाराष्ट्रातूनही दर हिवाळ्यात हजारो कुटुंबे जातात. ‘अमुक फूट बर्फ’ या शब्दांतून त्यांना रस्ता उघडा आहे की नाही, वारा किती आहे, पुढील चोवीस तासांत काय होईल, यांपैकी काहीही कळत नाही. फुटांचा आकडा मौजेची वार्ता म्हणून येतो आणि धोक्याची सूचना, आली तर, आतल्या पानावर येते.

यावर उपाय कठीण नाही. हिमवृष्टीच्या बातमीत चार गोष्टी असाव्यात: मोजणीचे ठिकाण, मोजणीचा कालावधी, मोजणारी संस्था, आणि आकडा नव्याने पडलेल्या हिमाचा आहे की साठलेल्या थराचा. शक्य तेथे पाण्याचे माप द्यावे. विक्रमाचा दावा असेल तर तो मान्य झाला आहे की केवळ सांगितला गेला आहे, हे त्याच वाक्यात यावे. भारतीय हवामान खाते आपल्या दैनंदिन पत्रकात लाहौलमधील गोंदला किंवा किन्नौरमधील कल्पा यांसारख्या ठिकाणांची हिमवृष्टी सेंटिमीटरमध्ये देत असते. तो आकडा सहसा लहान व नीरस असतो, परंतु तो ठिकाणाचे नाव आणि कालावधी घेऊन येतो. वृत्तसंस्थांनी तोच उचलला तरी निम्मे काम होईल. हंगामाच्या शेवटी त्या वर्षीच्या एकूण हिमसाठ्याचा आढावा घेणारी एखादी बातमी पहिल्या पानावर येण्याची प्रथाही पडावयास हवी.

हवामान बदलत असताना अशा आकड्यांचे महत्त्व वाढत जाणार आहे. उबदार होत चाललेल्या हिवाळ्यातही एखादे वादळ विलक्षण हिम टाकून जाऊ शकते. त्या एका दिवसाच्या आधारे तापमानवाढ ही थाप आहे असे म्हणणारे निघतात, आणि एखादी कोरडी जानेवारी पाहून हिमालय संपला असे सांगणारेही निघतात. दोघेही एका नोंदीवरून साठ्याचा निवाडा करतात. त्यांना उत्तर द्यावयाचे तर वर्षानुवर्षे एकाच रीतीने, एकाच जागी, कंटाळा न करता घेतलेल्या नोंदी हव्यात. त्या नोंदींचा अर्थ लोकांपर्यंत पोहोचविणारी वृत्तपत्रेही हवीत. सतलजच्या पाण्यावर गहू पेरणाऱ्याला हिम किती फूट पडले याच्याशी कर्तव्य नाही. कालव्याला चैत्र-वैशाखात पाणी येईल की नाही, एवढेच त्याला हवे असते. बातमीने त्या प्रश्नाचे उत्तर द्यावे, ही अपेक्षा अवाजवी म्हणता येणार नाही.